खालचा मजला बनाम वरचा मजला

माणसानं घर बांधावं आणि त्यात राहावं, इतकी साधी गोष्ट आहे. आमच्या घरमालकांनी तिचा पहिला भाग फार उत्तम पार पाडला. दुसऱ्या भागासाठी त्यांना पुरावा कमी पडत होता.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. माझं लग्न नुकतंच झालं होतं आणि औशाहून मी नांदेडला आले होते. हे तिथल्या शाळेत भूगोल शिकवायचे, तोही उर्दूतून. गोदावरी शाळेच्या मागूनच वाहायची, पण ती कुठं उगम पावते हे पोरांना मराठीत सांगायची सोय नव्हती. भाड्यानं जागा शोधत फिरताना कुणीतरी म्हणालं, नदीकडच्या गल्लीत पेशकारसाहेबांचं नवं दुमजली घर आहे, निम्मं रिकामंच पडलंय.

पेशकार म्हणजे अदालतीत मुन्सिफासमोर मिसली ठेवणारा माणूस, आणि मिसल म्हणजे एका खटल्याच्या कागदांचं बाड. तीस वर्षं या गृहस्थांनी दुसऱ्याच्या पुढ्यात कागद ठेवले, तारखा पुकारल्या, आणि फैसला दर वेळी दुसऱ्यानंच केला. नोकरीतून मोकळे झाल्यावर आयुष्यात पहिल्यांदा एक फैसला त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आला. बैठक, देवघर, स्वयंपाकघर खालच्या मजल्यावर करायचं की वरच्या? एवढंच ठरवायचं होतं. आम्ही गेलो तेव्हा त्याला चार वर्षं झाली होती.

पहिल्या दिवशी ते आम्हाला जिन्यात भेटले. एकवीस पायऱ्यांचा जिना आणि ते बरोबर अकराव्या पायरीवर बसलेले. पुढं कळलं की ही त्यांची रोजचीच जागा. अंगात शेरवानी आणि कमरेला धोतर. पोशाखातसुद्धा त्यांच्या वरच्याचं आणि खालच्याचं पटत नव्हतं.

"कोणता मजला द्यायचा हाय?" यांनी विचारलं.

"आम्हाला जो नको असंल तो."

"मग तुम्हाला कोणता नको?"

"मामला चालू हाय," ते शांतपणे म्हणाले. "सध्या मी कोणाच्याच बाजूचा न्हाई."

भाडेचिठ्ठी त्यांनी तिथंच, मांडीवर पाटी ठेवून लिहिली. 'मालक जो मजला पसंत करतील तो वगळून दुसरा. पसंती होईपर्यंत कोणताही.' हे भूगोलाचे मास्तर, पण या वाक्यातली दिशा यांनाही कळली नाही. सही करून मोकळे झाले.

घर मात्र खरंच देखणं होतं, खोटं कशाला बोला. खाली काळ्या दगडाचं काम, पुढं ओसरी, मागं परसात गोड्या पाण्याची विहीर. वर लाकडी खिडक्या आणि डोक्यावर नवे कोरे पत्रे. पत्रे म्हणजे त्या काळी श्रीमंती होती. वैशाखात त्या श्रीमंतीखाली पापड उन्हात घालावे लागत नसत, खाटेवर ठेवले तरी वाळायचे.

खटल्याची मिसल लाल फडक्यात बांधलेली असे. वर त्यांच्या वळणदार उर्दू अक्षरात मथळा होता, 'खालचा मजला बनाम वरचा मजला'. बनाम म्हणजे विरुद्ध. खालचा मजला वादी, वरचा प्रतिवादी. मी एकदा विचारलं, खालचाच वादी का? तर म्हणाले, "तो आधी बांधला. तक्रारीचा हक पहिल्याला." खालच्याचं म्हणणं असं की विहीर जवळ, उन्हाळ्यात गारवा, म्हातारपणी गुडघ्यांना आराम. वरच्याचं म्हणणं असं की हवा, उजेड आणि गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, पुराची भीती नाही. दोघांचं म्हणणं त्यांना सारखंच पटायचं. सकाळी खालचं पटायचं, दुपारी जेवण झाल्यावर वरचं, आणि दिवेलागणीला ते अकराव्या पायरीवर येऊन बसायचे.

नुसत्या कागदावर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता तो. सहा महिने खाली राहायचं, सहा महिने वर. याला ते मौक्याची, म्हणजे जागेवरची, पाहणी म्हणत. ते वर निघाले की आम्ही खाली, ते खाली निघाले की आम्ही वर. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला निदान जिना नसतो. जिन्यात आमची आणि त्यांची गाठोडी एकमेकांना ओलांडून जात, आणि ते अंग चोरून बाजूला होत आम्हाला म्हणत, "सावकाश, सावकाश. अजून काही ठरलं न्हाई."

या सगळ्यात एक गोष्ट ना वर जायची ना खाली यायची. ती म्हणजे काकूंची चूल.

काकू म्हणजे पेशकारसाहेबांची बायको. सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणायची, त्यांचं नाव मला कित्येक दिवस ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघर कुठं करायचं हे ठरेपर्यंत विहिरीजवळ चार खांबांवर गवताची छपरी टाकून तिथं हंगामी चूल घातली होती. काकूंचं माहेर लातूरचं. बापानं लग्नात तांब्यापितळेची भांडी दिली होती, घंगाळापासून पळीपर्यंत. नोकरीत बदल्या होत राहिल्या, एका गावात पाय ठरेना, तेव्हा काकूंनी ती फडक्यात गुंडाळून एका पेटीत ठेवली आणि मनाशी ठरवलं, स्वतःचं घर होईल तेव्हा मांडणीवर लावीन. सागवानी मांडणीसुद्धा सुताराकडून करून घेतली होती, दोन फळ्यांची. घर झालं. मांडणी ओसरीवर भिंतीला टेकून उभी राहिली आणि भांडी पेटीतच राहिली, कारण हंगामी चुलीजवळ कायमची भांडी कशी लावायची? काकू चार हंडे-पातेल्यांवर रांधायच्या, आणि दर दिवाळीला ती पेटी उघडून चिंचेनं भांडी घासून, पुसून, पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवायच्या.

"लावा की आता काकू," मी एकदा म्हटलं.

"कुठं लावू? हे म्हणतात, ठरू दे."

"अन् न्हाई ठरलं तर?"

"ठरंल गं. माणूस वाईट न्हाई. लई इचार करतो, एवढंच." आणि फुंकणी घेऊन चुलीकडे वळल्या.

माणूस वाईट नव्हता, हे मलाही मान्य आहे. वाईट माणसाला निदान शिव्या तरी देता येतात.

आता त्या चौकोनाबद्दल सांगते. देवाच्या डोक्यावर कुणाचे पाय पडू नयेत, ही आपल्याकडची रीत. मालकांचा मुक्काम खाली असला की देव खाली, आणि देवांच्या बरोबर वर आमची खोली. भटजींनी शंका काढली. तेव्हा पेशकारसाहेब चुन्याची वाटी घेऊन वर आले, खालून काकूंना काठीनं तक्तपोशी ठोकायला लावली, आणि आवाज आला तिथं आमच्या जमिनीवर चार हातांचा चौकोन आखून दिला. त्यात पाऊल टाकायचं नाही. तो चौकोन नेमका खिडकीपुढं, जिथं काय ती वाऱ्याची झुळूक यायची तिथं. सहा महिने देवांना वारा लागला आणि आम्ही भिंतीला धरून फिरलो. माझ्या सासूबाई पाहुण्या आल्या होत्या, त्या बिचाऱ्या नकळत तिथं तांदूळ निवडत बसल्या. तासाभरात पेशकारसाहेब नोटीस घेऊन दारात. शिपाई ठेवलेला नव्हता, म्हणून स्वतःच तीनदा पुकारा केला, "भाडेकरू हाजिर है?" मी समोरच उभी होते. मग नोटीस स्वतःच उर्दूत वाचून दाखवली आणि सासूबाईंना समजावी म्हणून मराठीत सांगितली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, या माणसाला काही काम का देत न्हाई कुणी?"

काम होतं की. साक्षी होत्या.

महिन्या-दीड महिन्यातून एकदा पेशी, म्हणजे सुनावणी, असायची. ओसरीवर सतरंजी, त्यावर पेशकारसाहेब, आणि समोर गवाह. वैद्यबुवांनी सांगितलं, वातप्रकृतीला वरची हवा बरी. भटजींनी सांगितलं, देव वर हवेत. मग सोवळ्याचं पाणी एकवीस पायऱ्या कोण चढवणार असं विचारल्यावर भटजींनी वेळ मागून घेतला आणि तो अजून त्यांच्याकडेच आहे. जळकोटचे मेहुणे आले, ते आठ दिवस राहिले. त्यांची साक्ष खालच्या मजल्याच्या बाजूनं झाली, कारण जेवण झाल्यावर त्यांना जिना चढवत नव्हता. ज्यानं हे घर बांधलं त्या गवंड्यालाही बोलावलं. तो कामाचा माणूस, चिखलाच्या हातानंच आला.

"बांधकाम करताना तुझा काय इरादा होता?" पेशकारसाहेबांनी विचारलं. "माणसांनी खाली ऱ्हावं का वर?"

"माझा कसला इरादा जी? तुम्ही म्हणले दोन मजले बांध, बांधले."

"पण तुझ्या मतानं?"

"साहेब, घर मी बांधलं. आता त्यात ऱ्हायचं कुठं ते बी मीच सांगू का?"

हे उत्तर 'गवाह फितूर' असा शेरा मारून मिसलीत लावलं गेलं. दूधवाला, न्हावी, पलीकडच्या गल्लीतले दोन बहिरे आजोबा, असे एकोणीस गवाह झाले. शेवटी दर वेळी एकच हुकूम व्हायचा: पुढची तारीख. आणि गवाहाला रिकाम्या पोटी पाठवायचं नाही म्हणून प्रत्येकाला फराळ. फोडणीचे पोहे म्हणा, थालीपीठ म्हणा, छपरीतल्या त्या हंगामी चुलीवरून काकू पाठवायच्या. पेशी जितकी लांबेल तितका धूर. ओसरीवर स्वयंपाकघर कुठं असावं याची चर्चा चाले आणि परसात स्वयंपाक चाले, आणि या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही, हे कबूल करते.

आमच्या दुसऱ्या श्रावणात गंगेला पूर आला. भर सकाळी पाणी गल्लीत शिरलं आणि दुपारपर्यंत परसात. तेव्हा मालक खाली होते आणि आम्ही वर. ते जिना चढून आले तेव्हा डोक्यावर लाल फडक्यातली मिसल होती. मागं काकू, त्यांच्या कडेवर देवांचं तबक. भांड्यांची पेटी यांनी आणि शेजाऱ्यानं मिळून ओढत वर आणली. दोन दिवस आम्ही चौघं एका शेगडीवर पिठलं-भात करून राहिलो. देव वर आले, त्यामुळं चौकोन उठला आणि मी खिडकीशी बसून पूर बघितला. पेशकारसाहेबांनीही बघितला. असा गवाह त्यांना आजवर मिळाला नव्हता.

पाणी ओसरल्यावर काकू पहिल्यांदा परसात गेल्या. छपरीचे खांब उभे होते. चूल नव्हती. सहा वर्षांची चूल विरघळून मातीत माती झाली होती. काकू खराटा घेऊन गाळ लोटू लागल्या.

त्याच आठवड्यात फैसला झाला. ठेवणीतली रुमी टोपी घालून पेशकारसाहेब अकराव्या पायरीवर उभे राहिले आणि दोन्ही बाजूंना तीन-तीनदा पुकारलं. "खालचा मजला हाजिर है?" खालून ओल्या भिंतीचा वास येत होता, तीच हजेरी धरली. वरचा मजला जिंकला. बैठक वर, देव वर, चूल वर. आम्ही ओल्या खालच्या मजल्यावर. यांनी मला हळूच म्हटलं, "निदान ठरलं तरी." भिजत पडलेलं घोंगडं शेवटी आमच्या अंगावर वाळत घातलं होतं, पण ठरलं होतं खरं.

काकूंनी माती कालवली, वर नवी चूल घातली आणि विचारलं, "आता पेटी उघडू का?"

"अपिलाची मुदत जाऊ द्या," पेशकारसाहेब म्हणाले. "तीन महिने."

अपील करणार कोण, खालचा मजला? मी तोंडात पदर कोंबून हसले. पुढं मला त्या हसण्याची लाज वाटली.

कारण विहीर काही वर गेली नव्हती. ती बिचारी हरलेल्या मजल्याच्याच पातळीवर राहिली होती. काकू दिवसाला सात-आठ घागरी एकवीस पायऱ्या चढवू लागल्या. मी एखादी नेऊन देत असे, पण सोवळ्याच्या पाण्याला माझा हात चालत नव्हता. गडी लावा म्हटलं तर तोच अडथळा. आणि अकराव्या पायरीवर पेशकारसाहेब बसलेले असत. खटला निकालात निघाला होता, पण सवय कुठली निघते? दर खेपेला काकू भरली घागर घेऊन यायच्या, ते जरा भिंतीकडे सरकायचे, आणि काकू त्यांना वळसा घालून वर जायच्या.

कार्तिकात एका सकाळी त्या वळशातच पाय सुटला. घागर आधी खाली आली, मग काकू.

मी अंगणात होते. धावले तेव्हा त्या जिन्याच्या तळाशी पडल्या होत्या आणि पाणी अजून एकेक पायरी उतरत होतं. पेशकारसाहेब अकराव्या पायरीवर उभे होते. त्यांचा एक हात पुढं केलेला होता, उशिरा पुढं केलेला. आजवर त्यांनी प्रत्येक गोष्ट पुढच्या तारखेला ढकलली होती. ही ढकलता येत नव्हती. त्या दिवशी मी त्यांच्यावर मनापासून संतापले. थट्टा वगैरे काही नाही, सरळ राग.

हाड बसवणारा आला. मांडीला कामट्या बांधून त्यानं सांगितलं, "जीव वाचला. जिना मात्र ईसरा." काकूंची खाट खाली ओसरीवर, त्या रिकाम्या मांडणीशेजारी टाकली. चूल वर, काकू खाली. सोवळ्याचा विषय आता कुणी काढला नाही, दोन्ही घरांचं मीच रांधू लागले. एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. पेशकारसाहेब खाटेजवळ यायचे, उभे राहायचे, "काही हवं का?" विचारायचे आणि उत्तर यायच्या आत निघून जायचे. अकराव्या पायरीवर मात्र ते पुन्हा बसले नाहीत. बसायला जागाच उरली नसल्यासारखे घरभर फिरत राहिले.

शेवटी मीच बोलले. "साहेब, वरची चूल मोडा. काकूंना दिसंल अशी खाली घाला."

"फैसला झालेला हाय."

"मग बदला."

"असा बदलता येत न्हाई. नजरसानी, म्हणजे फेरविचार, करावा लागतो. त्याला नवा गवाह लागतो, ज्याचं बयान आधी झालं न्हाई असा." त्यांचा आवाज रडवेला होता. "कोण ऱ्हायलं? एकोणीस झाले. सगळ्यांना विचारून बसलो."

"काकूंचं बयान कितव्या पानावर हाय?"

त्यांनी मिसल सोडली. पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं चाळली. मग शेवटापासून पहिल्यापर्यंत. दूधवाला होता. बहिरे आजोबा होते. जळकोटचे मेहुणे दोन पानांवर पसरले होते. त्यांनी मिसल मिटली आणि पुन्हा लाल फडक्यात बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेरवानी घालून ओसरीवर आले. सतरंजी टाकली नाही, बसले नाहीत. तीस वर्षं मुन्सिफापुढं जसे उभे राहिले असतील तसे खाटेपुढं उभे राहिले, हातात कागद आणि बोरू. मला म्हणाले, "तू थांब, पोरी. बयानाला कोणी तरी लागतं."

"गवाहाचं नाव?" त्यांनी विचारलं.

काकूंनी पदर सावरला. "तुम्हाला ठाऊक न्हाई?"

"विचारावं लागतं. कायदा हाय."

"मग लिहा की. तुम्हीच ठेवलंय ते."

आपल्याकडे लग्नात नवरा तांदळाच्या ताटात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, ते. त्यांनी मान खाली घालून लिहिलं.

"नवऱ्याचं नाव?"

काकू माझ्याकडे बघून हसल्या, एवढ्या दुखण्यात. "ते मी घेत न्हाई. तुम्हीच घाला."

तेही त्यांनीच लिहिलं. "आता बयान द्या. खालचा मजला का वरचा?"

"मला खाली काय अन् वर काय," काकू म्हणाल्या. "मी दोन्हीकडं कुठं होते? सहा वर्षं छपरीत रांधलं. तिथं विहीर चार पावलांवर. बसल्या जागी तुळस दिसती. दारात कोण आलं, कोण गेलं ते कळतं. शेजारीण भिंतीवरून बोलती. माझं घर तिथंच होतं. तुम्ही त्याला हंगामी म्हणत ऱ्हायले, म्हणून मी बी म्हणलं."

"पण पूर आला तर?"

"तर चूल विरघळंल. पुन्हा घालीन. गंगेकाठी माती काय कमी हाय?"

"पावसाचं?"

"वर एवढे पत्रे हायत. त्यातले चार काढा."

बोरू थांबला. "हे आधी का सांगितलं न्हाई?"

राग नव्हता काकूंच्या बोलण्यात, असता तर बरं झालं असतं. "कोणी विचारलं न्हाई," त्या म्हणाल्या.

हा सवाल आणि हा जवाब, दोन्ही त्यांनी जसेच्या तसे लिहून घेतले. अक्षर कुठं बिघडलं नाही. मग नियमाप्रमाणं बयान गवाहाला वाचून दाखवायचं होतं. त्यांनी कागद डोळ्यांपुढं धरला आणि पहिल्याच शब्दावर घोडं अडलं. तीस वर्षं परक्यांची हजारो नावं खणखणीत आवाजात पुकारलेला माणूस. घरात 'अहो, ऐकलं का' यापलीकडे कधी गेला नव्हता. ताटातल्या तांदळात एकदा लिहिलं होतं, तेवढंच.

"यमुनाबाई," ते म्हणाले.

काकूंनी पदर तोंडावर ओढून घेतला. मी तिसरीकडेच बघू लागले. पुढचं बयान त्यांनी एका दमात वाचून टाकलं आणि शेवटी, कोणालाही पुढची तारीख न देता, त्याच कागदाखाली हुकूम लिहिला. 'दोन्ही मजल्यांचं म्हणणं नामंजूर. चूल छपरीत.'

चार पत्रे काढून छपरीवर घातले, ते गवंड्यानं केलं. चूल मात्र पेशकारसाहेब स्वतः घालायला बसले. शेरवानीच्या बाह्या वर करून त्यांनी माती कालवली. काकूंची खाट छपरीच्या तोंडाशी आणून ठेवली होती, तिथून त्या सांगत होत्या. "पाणी कमी. अहो, कमी. त्यात भुसा घाला." मी मदतीला वाकले तर काकूंनी डोळ्यांनीच नको म्हटलं. चूल झाली ती अशी झाली की तिच्यावर पातेलं ठेवलं तर एका बाजूला कलायचं. वाळल्यावर नव्या चुलीवर पहिल्यांदा दूध तापवून उतू घालायचं असतं, पूर्वेकडे. या चुलीवरचं दूध सरळ दक्षिणेला गेलं.

पेशकारसाहेबांचा चेहरा उतरला. "भटजींना विचारावं का? दक्षिणेला गेलं म्हणजे..."

"उतू गेलं ना?" काकू म्हणाल्या. "झालं मग. पेटी उघडा."

यांनी आणि मी ओसरीवरची मांडणी उचलून छपरीत आणली. पेशकारसाहेबांनी पेटीचं झाकण काढलं आणि पहिलं फडकं सोडलं. आत तांब्याची घागर निघाली. ती दोन्ही हातांत धरून ते मांडणीपुढं उभे राहिले. दोन फळ्या होत्या, एक खालची आणि एक वरची. त्यांनी खालच्या फळीकडे पाहिलं, वरच्या फळीकडे पाहिलं.

"ही कुठं?" त्यांनी विचारलं. विचारलं ते काकूंना.

"खाली."

त्यांनी ती खाली ठेवली आणि दुसरं फडकं सोडलं.